अ‍ॅक्टिनाइड मूलद्रव्यें व त्यांच्या क्षयाचें मापन

रसायनशास्त्राच्या वर्गांत भिंतीवर टांगलेला मूलद्रव्यांचा तक्ता आमच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्या तक्त्याच्या अगदीं तळाशीं, मुख्य भागापासून तोडून काढल्यासारख्या दोन ओळी असतात. त्यांपैकीं खालची ओळ ८९ व्या क्रमांकाच्या अ‍ॅक्टिनियमपासून १०३ व्या क्रमांकाच्या लॉरेन्सियमपर्यंत पंधरा मूलद्रव्यांची आहे. या सर्वांस मिळून अ‍ॅक्टिनाइड असें म्हणतात. परीक्षेंत या ओळीवर प्रश्न क्वचितच येतो, म्हणून पुष्कळ विद्यार्थी ती सोडून देतात, आणि शिक्षकही त्याबद्दल फारसे रागावत नाहींत. तथापि थोरियम, युरेनियम व प्लुटोनियम हीं तीन द्रव्यें याच ओळींतलीं. पृथ्वीचें वय, विजेचे कारखाने, अणुबाँब आणि अलीकडे कर्करोगावरील एक औषध, इतक्या निरनिराळ्या गोष्टींचे धागे या एका ओळीशीं येऊन मिळतात.

प्रस्तुत लेखांत या द्रव्यांचा सर्व इतिहास सांगण्याचा आमचा विचार नाहीं. पाठ्यपुस्तकांत प्रत्येकाच्या नांवापुढें अर्धायुष्य म्हणून जो आकडा छापलेला असतो तो कसा मोजतात, आणि तो शेंकडा एकानें जरी चुकला तरी काय बिघडतें, एवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

प्रथम अर्धायुष्य म्हणजे काय तें पाहूं. शंभर नाणीं एका डब्यांत घालून हलवावीं व मेजावर ओतावीं. ज्या नाण्यांचा छापा वर येईल तीं बाजूस काढावीं, आणि राहिलेलीं पुन्हां हलवून ओतावीं. प्रत्येक खेपेस सुमारें निम्मीं नाणीं कमी होत जातात. अमुक एक नाणें कोणत्या खेपेस निघेल हें कोणासही सांगतां येत नाहीं. परंतु शंभरांतून अदमासें पन्नास जातील हें मात्र खात्रीनें सांगतां येतें. अ‍ॅक्टिनाइडांचे अणु असेच वागतात. ते अस्थिर असून केव्हां ना केव्हां आल्फा किंवा बीटा नांवाचा कण बाहेर फेंकतात व दुसऱ्या मूलद्रव्याचे अणु बनतात. या क्रियेस क्षय म्हणतात. दिलेल्या अणूंपैकीं निम्मे क्षय पावण्यास जो काल लागतो तें त्या द्रव्याचें अर्धायुष्य. द्रव्य तापवा, थंड करा, आम्लांत विरघळवा. व्यवहारांत या कालांत कांहीं फरक पडत नाहीं. म्हणूनच त्याचा घड्याळासारखा उपयोग करतां येतो.

नाण्यांचा हा खेळ घरीं करून पाहणाऱ्यास आणखी एक गोष्ट आढळेल. पहिल्या खेपेस बरोबर पन्नास नाणीं क्वचितच निघतात. कधीं पंचेचाळीस निघतील, कधीं त्रेपन्न. अणूंचा क्षय मोजतांनाही असाच चढउतार होतो, आणि त्याचें माप मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाएवढें असतें. शंभर क्षय मोजले तर दहांचा संशय राहतो, म्हणजे शेंकडा दहा. दहा हजार मोजले तर शंभरांचा, म्हणजे शेंकडा एक. दहा लाख मोजले तर हजाराचा, म्हणजे हजारीं एक. बिनचूकपणा दहापट हवा असेल तर मोजणी शंभरपट करावी लागते. हा हिशेब ध्यानांत ठेवावा, पुढें त्याचें काम पडेल.

अर्धायुष्याची कल्पना ज्या प्रयोगांतून निघाली तो फार सोपा होता. १९०० सालीं कॅनडांतील माँट्रियल येथें रदरफर्ड यांनीं थोरियमपासून निघणाऱ्या एका वायूचें निरीक्षण केलें. त्याची किरणें सुमारें दर मिनिटास निम्मीं होत असत. घड्याळ समोर ठेवून पांचदहा मिनिटें बसलें कीं काम झालें! परंतु युरेनियमाचें काय करावयाचें? त्याच्या ज्या प्रकारास युरेनियम २३८ म्हणतात त्याचें अर्धायुष्य सुमारें ४४७ कोटी वर्षें आहे. तें निम्में होईपर्यंत कोण बसून राहणार?

येथें शास्त्रज्ञ उलट्या बाजूनें जातात. निम्मे अणु केव्हां जातील याची वाट न पाहतां ते दर सेकंदास किती जातात हें मोजतात. एक ग्रॅम युरेनियम २३८ मध्यें २५३ वर एकोणीस शून्यें इतके अणु असतात. त्यांतील दर सेकंदास सुमारें १२,४०० क्षय पावतात. एकूण अणु किती व त्यांपैकीं दर सेकंदास जातात किती, या दोन संख्या कळल्या कीं अर्धायुष्य गणितानें निघतें. हें गणित नववीच्या हुशार विद्यार्थ्यासही समजावून देतां येईल. अडचण गणितांत नसून त्या दोन संख्या मिळविण्यांत आहे.

अणूंची संख्या काढावयाची तर द्रव्य शुद्ध पाहिजे, त्यांत भेसळ किती हें ठाऊक पाहिजे, आणि वजन अचूक पाहिजे. क्षयांची संख्या मोजावयाची तर एकही आल्फा कण निसटतां कामा नये. पण आल्फा कण कागदाच्या एका पापुद्र्यानेंही अडतो. युरेनियमाचा थर किंचित् जाड झाला तर खालच्या अणूंचे कण वरच्या थरांतच अडकून पडतात. थर फार पातळ केला तर वजन इतकें थोडें भरतें कीं तराजूचीच चूक मोठी ठरते. शिवाय कांहीं कण मागच्या धातूच्या पत्र्यावर आपटून उलटे फिरतात व मोजणींत नसते भर घालतात. नाण्यांच्या खेळांतला चढउतार अधिक मोजून कमी करतां येतो. परंतु या दुसऱ्या जातीच्या चुका कितीही मोजलें तरी कमी होत नाहींत. दांडी मारणाऱ्या वाण्याच्या तराजूवर एकच जिन्नस शंभर वेळां तोलला म्हणून कांहीं त्याचें खरें वजन कळत नाहीं. आमच्या मतें या विषयांतील सर्व कौशल्य या एका वाक्यांत सांठलेलें आहे.

युरेनियमाचे जे आकडे पुढें दीर्घकाल जगभर वापरले गेले ते १९७१ सालीं शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेंत जॅफी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं काढले. युरेनियम २३८ चें अर्धायुष्य ४४६ कोटी ८३ लक्ष वर्षें, व युरेनियम २३५ चें ७० कोटी ३८ लक्ष वर्षें. पहिल्या आकड्यांत त्यांनीं २४ लक्ष वर्षांची संभाव्य चूक लिहून ठेवली. चोवीस लक्ष वर्षें हें ऐकून विद्यार्थ्यांस हंसूं येईल. परंतु ४४७ कोटींच्या मानानें ती हजारीं अर्धी, किंबहुना थोडीशी अधिक, एवढीच होते.

आतां ही हजारीं अर्धी किंवा एक अशी चूक कोणास बोंचते? उत्तर शोधावयास आपणांस फार दूर जावें लागत नाहीं. मुंबईहून पुण्यास जातांना खंडाळ्याच्या घाटांत काळ्या दगडाचे एकावर एक रचलेले जे थर दिसतात ते ज्वालामुखीच्या लाव्हारसाचे आहेत, हें भूगोलांत शिकविलेलेंच आहे. सह्याद्रीच्या या थरांच्या मध्यें कोठें कोठें लाल मातीचे पट्टे आढळतात, आणि कांहीं ठिकाणीं राखेबरोबर आलेले झिरकॉन नांवाचे अतिसूक्ष्म स्फटिक सांपडतात. स्फटिक तयार होतांना त्यांत युरेनियम शिरतें; शिसें मात्र जवळजवळ शिरत नाहीं. पुढें युरेनियमाचा क्षय होऊन शेवटीं शिसेंच बनतें. म्हणून आज त्या स्फटिकांत युरेनियम किती व शिसें किती हें पाहिलें कीं स्फटिकाचें वय निघतें. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अशा मोजणीवरून असें दिसलें कीं, या उद्रेकांचा मुख्य भाग सुमारें साडेसात लक्ष वर्षांत घडला, व तो डायनोसॉर ज्या काळीं नष्ट झाले त्याच्या सुमारें अडीच लक्ष वर्षें आधीं सुरू झाला.

डायनोसॉर नष्ट झाल्यास ६ कोटी ६० लक्ष वर्षें होऊन गेलीं. याचा हजारावा भाग ६६ हजार वर्षें. लाव्हा आधीं कीं प्राण्यांचा नाश आधीं, हा वाद कांहीं दहा हजार वर्षांच्या फरकावर येऊन ठेपलेला असतां, घड्याळच हजारीं एकानें संशयित असून कसें चालेल? दोन्ही वयें युरेनियमाच्याच घड्याळानें मोजलीं तर घड्याळाची चूक दोहोंत सारखीच येते व वजाबाकींत निघून जाते. परंतु दुसऱ्या कांहीं शास्त्रज्ञांनीं सह्याद्रीचीं वयें पोटॅशियम व आर्गॉन यांच्या घड्याळानें काढलीं आहेत. हीं दोन घड्याळें एकमेकांशीं जुळवावयाचीं झालीं कीं अर्धायुष्याचा शेवटचा अंकही महत्त्वाचा होतो. काळाच्या ओघांत शिसें मोजण्याचीं यंत्रें इतकीं सुधारलीं कीं आज अनेकदां खडकाच्या मापनापेक्षां अर्धायुष्यांतली चूकच मोठी भरते.

युरेनियमाकडून आपण प्लुटोनियमाकडे वळूं. हें द्रव्य अणुभट्टींत युरेनियमापासून तयार होतें, व त्यापासून वीजही करतां येते आणि बाँबही. म्हणून त्याचा ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब ठेवावा लागतो. व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नियमांत आठ किलोग्रॅम प्लुटोनियम ही एका बाँबाच्या दृष्टीनें दखल घेण्याजोगी राशि मानलेली आहे. आठ किलोग्रॅम म्हणजे ज्वारीचें एखादें गांठोडें!

आतां हिशेबाची अडचण पाहा. सोन्याचा दागिना तिजोरींत ठेवला तर दहा वर्षांनीं तो तेवढाच भरतो. प्लुटोनियमाचें तसें नाहीं. त्याचा २४१ हा प्रकार सुमारें १४.३ वर्षांत निम्मा होतो व त्याचें अमेरिसियम नांवाचें दुसरें मूलद्रव्य बनतें. कुलूप लावलेल्या कोठारांतूनच माल आपोआप कमी होतो. किती कमी होणार हें अर्धायुष्यावरून आधींच सांगतां आलें पाहिजे, नाहीं तर तूट क्षयाची कीं चोरीची हें कळणार कसें?

आणि नेमकें हेंच अर्धायुष्य फार दिवस वादांत होतें. निरनिराळ्या प्रयोगशाळांनीं काढलेले आकडे १३ पासून १५ वर्षांपर्यंत पसरलेले होते. याचें कारण असें कीं, प्लुटोनियम २४१ हें आल्फा कण नव्हे, तर अतिशय दुबळे बीटा कण फेंकतें, आणि ते सरळ मोजणें कठीण. विद्यार्थ्यांनीं स्वतः गणित करून पाहावें: एक किलोग्रॅम प्लुटोनियम २४१ दहा वर्षें ठेवलें, तर अर्धायुष्य १३ वर्षें धरल्यास ५८७ ग्रॅम उरावें, १५ वर्षें धरल्यास ६३० ग्रॅम. एका किलोग्रॅमामागें ४३ ग्रॅमांचा फरक केवळ पुस्तकांतल्या आकड्यामुळें पडतो. वहींतला हिशेब जुळला नाहीं म्हणून एखाद्या प्रामाणिक कारकुनावर संशय यावा, किंवा खरोखर चोरी झाली असतां ती आकड्याच्या आड लपून जावी, अशा दोन्ही आपत्ति संभवतात.

यावर उपाय कोणता निघाला? किरणें मोजण्याचा नाद सोडून अणूच मोजावयाचे. प्लुटोनियमाच्या एकाच नमुन्यांत २४१ या प्रकाराचें दीर्घायुषी २४० शीं असलेलें प्रमाण, अणूंचें वजन पारखणाऱ्या यंत्रानें पुनःपुनः पाहत राहावयाचें. २४० चें अर्धायुष्य साडेसहा हजार वर्षांहून अधिक, म्हणून तो जणु जागचा हलत नाहीं, आणि त्याच्या शेजारीं २४१ उतरत जातांना स्पष्ट दिसतो. बेल्जममधील गेल येथील युरोपीय प्रयोगशाळेनें अनेक वर्षांच्या अशा मोजणीवरून २००९ सालीं १४.३२५ वर्षें हा आकडा प्रसिद्ध केला व संभाव्य चूक फक्त ०.०२४ वर्ष दिली, म्हणजे सुमारें नऊ दिवस. ही रीत बुद्धीपेक्षां सबुरीची अधिक आहे. नमुना सांभाळावयाचा, नोंदवही सांभाळावयाची, आणि आपण सेवानिवृत्त झालों तर ती पुढच्याच्या हातीं द्यावयाची.

प्लुटोनियम २३९ ची हकीकत निराळी. जुन्या पुस्तकांत त्याचें अर्धायुष्य २४,४०० वर्षांच्या आसपास दिलेलें आढळेल. आज तें २४,११० वर्षें मानतात. हा फरक शेंकडा एकाहून थोडा अधिक आहे. प्लुटोनियम सदैव किंचित् ऊन असतें, एका ग्रॅमांतून वॅटच्या सुमारें दोन सहस्रांश उष्णता निघते, व बंद डबा न उघडतां या उष्णतेवरून आंत किती द्रव्य आहे हें ओळखतां येतें. पण अर्धायुष्य शेंकडा एकानें चुकलें तर वजनही तितकेंच चुकतें. शंभर किलोग्रॅमांत एक किलोग्रॅम. म्हणून १९७०-८० या दशकांत अमेरिकेंतील अनेक प्रयोगशाळांनीं मिळून हा प्रश्न हातीं घेतला. कोणीं आल्फा कण मोजले, कोणीं उष्णता मोजली, कोणीं क्षयापासून बनणारें युरेनियम मोजलें. तीन वाटांनीं निघालेले लोक एकाच चौकांत भेटले म्हणजे चौक खरा, असा हा न्याय. एकाच रीतीनें तीस वेळां मोजण्यापेक्षां तीन निराळ्या रीतींनीं एकेकदां मोजणें अधिक मोलाचें असतें, कारण एका रीतींतली दडलेली चूक दुसऱ्या रीतींत नसते.

अर्धायुष्याइतकाच दुसरा एक आकडा महत्त्वाचा आहे. क्षयाच्या वेळीं पुष्कळ अणु गॅमा किरणही सोडतात, पण प्रत्येक अणु सोडतोच असें नाहीं. युरेनियम २३५ चे दर शंभर क्षयांमागें सुमारें सत्तावन्न वेळां १८५.७ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्तीचा किरण निघतो. पालघर जिल्ह्यांतील तारापूर येथें १९६९ सालीं सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय देखरेखीखालच्या आहेत. अशा देखरेखींत युरेनियम किती कसाचें हें ओळखण्यास हाच किरण कामीं येतो. सत्तावन्नाच्या जागीं पुस्तकांत साठ असते तर सारी मोजणी त्या प्रमाणांत चुकली असती. यांत एक गंमतही आहे. रेडियमाचाही एक किरण १८६.२ चा आहे. मातीच्या नमुन्यांत दोन्ही असले तर साध्या यंत्रास तो एकच किरण वाटतो, जसे जुळ्या भावांचे आवाज दाराआडून एकच वाटावे.

हे असंख्य आकडे निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या काळीं निघतात. त्यांतून वापरावयाचा कोणता? सर्वांची सरासरी काढावी असें सहज मनांत येतें, पण तें बरोबर नाहीं. हें काम करणारे लोक प्रत्येक मूळ निबंध वाचतात, नमुना किती शुद्ध होता, थर किती पातळ होता, लेखकानें आपली संभाव्य चूक प्रामाणिकपणें लिहिली आहे कीं उगीच कमी दाखविली आहे, हें तपासतात. मग कोणास किती वजन द्यावयाचें तें ठरवितात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनें अ‍ॅक्टिनाइडांपुरतें असें काम एकदां करून १९८६ सालीं त्याचा ग्रंथ छापला, व २००५ पासून पुन्हां नव्यानें करून २०१३ सालीं सुधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. या कामांत नवा शोध लावल्याची कीर्ति नाहीं. दुसऱ्याचें पुस्तक वाचून त्यांतल्या चुका काढणाऱ्यास जगांत कोण हार घालतो? तरी अणुभट्टीचा अभियंता जो तक्ता डोळे मिटून वापरतो तो याच लोकांच्या हातचा असतो.

त्यांच्या कामाची गरज कोठें पडते याचें अलीकडचें उदाहरण थोरियम २२९ चें आहे. हें निसर्गांत सहसा मिळत नाहीं. युरेनियम २३३ सांठवून ठेवलें म्हणजे त्याच्या क्षयापासून तें हळूहळू तयार होतें. युरेनियम २३३ हें थोरियमापासून करतात, व आपल्या देशांत तामिळनाडूमधील कल्पाक्कम येथें १९९६ सालीं चालू झालेल्या कामिनी नांवाच्या छोट्या अणुभट्टीचें इंधन तेंच आहे. थोरियम २२९ पासून पुढें अ‍ॅक्टिनियम २२५ मिळतें. त्याचें अर्धायुष्य अवघें दहा दिवसांचें. एका अ‍ॅक्टिनियम अणूच्या क्षयमालिकेंत चार आल्फा कण निघतात, आणि ते शरीरांत केसाच्या जाडीएवढ्याच अंतरावर थांबतात. म्हणून कर्करोगाच्या पेशीस चिकटणाऱ्या औषधाबरोबर तें पाठविलें तर रोगट पेशी मरतात व दूरच्या निरोगी पेशी बचावतात, या आशेनें डॉक्टर त्याचे प्रयोग करीत आहेत. अमेरिकेंत ओक रिज येथें जुन्या सांठ्यांतील थोरियम २२९ ठेवून, गाईचें दूध काढावें तसें त्यांतून वेळोवेळीं अ‍ॅक्टिनियम काढतात. तेथील लोकही या क्रियेस दूध काढणेंच म्हणतात.

गाय दूध किती देईल हें थोरियमाच्या अर्धायुष्यावर अवलंबून आहे. १९५० सालीं हा आकडा ७,३४० वर्षें निघाला, व १६० वर्षांची संभाव्य चूक धरून तो पुढें कित्येक दशकें चालला. २०११ सालीं जपानांतील मोजणींत ७,८८० वर्षें निघालीं. २०१४ सालीं युरोपांतून ७,९१७ वर्षें हा आकडा आला, त्यांत चूक केवळ ४८ वर्षांची. जुन्या व नव्या आकड्यांतील अंतर ५७७ वर्षांचें, म्हणजे दोघांनींही आपली जी चूक कबूल केली होती तिच्या कितीतरी पट. ज्यानें थोरियम तोलून जुन्या आकड्यावर हिशेब बसविला असेल त्यास अपेक्षेपेक्षां शेंकडा सात-आठ अ‍ॅक्टिनियम कमी मिळणार, आणि दर दहा दिवसांनीं निम्में होणाऱ्या या औषधांत तेवढी तूट रुग्णाच्या वांट्यास येणार. २०१८ सालीं अमेरिकेंत पुन्हां मोजणी झाली. ती ७,८२५ वर्षांवर आली, चूक ८७ वर्षांची. युरोपीय आकड्याची खालची मर्यादा ७,८६९ व अमेरिकन आकड्याची वरची मर्यादा ७,९१२. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर थोड्याशा येतात. १९५० सालचा आकडा मात्र त्या दोहोंच्याही बराच खालीं राहिलेला आहे.